न लावलेला पट्टा

मृत्यूनंतर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरलेला योखेन रिंट हा आजवरचा एकमेव चालक. १९७०च्या मोसमात त्याने पाच शर्यती जिंकल्या, ५ सप्टेंबरला इटलीतील मोंझा येथे त्याचा अंत झाला आणि ऑक्टोबरात त्याचे जगज्जेतेपद निश्चित झाले. त्याच्याविषयी लिहिताना बहुधा या दैवदुर्विलासावरच भर दिला जातो. गाडीतील आसन आणि त्याला जोडलेले पट्टे यांचा त्या मृत्यूशी असलेला संबंध मात्र ओझरताच येतो. खरे तर थांबून पाहावे असे जे आहे, ते तेथेच आहे.

रिंटचा जन्म १८ एप्रिल १९४२ रोजी जर्मनीतील माइंत्स येथे झाला. वडील जर्मन, आई ऑस्ट्रियन. घरची मसाल्याची गिरणी होती. मूल सव्वा वर्षाचे असताना हांबुर्गवरील बॉम्बहल्ल्यात आई-वडील दोघेही गेले. आजी-आजोबांनी त्याला ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे वाढवले. नागरिकत्व अखेरपर्यंत जर्मन राहिले, शर्यतीचा परवाना मात्र ऑस्ट्रियाचा. आणि ऑस्ट्रियाने त्याला आपलाच मानले.

वारशाने आलेल्या पैशावर त्याने शर्यतीचा नाद जोपासला. १९६४ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत त्याने माजी जगज्जेता ग्रॅहॅम हिल याला मागे टाकले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांना हा कोण, असा प्रश्न पडला. पुढच्याच वर्षी मास्टन ग्रेगरीच्या जोडीने, फेरारीच्या गाडीतून, त्याने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. फॉर्म्युला वनमध्ये मात्र यश लांबले. तीन वर्षे कूपर आणि एक वर्ष ब्रॅबम या संघांकडून तो धावला. वेग होता, पण गाडी कधी जड निघे, कधी अर्ध्यावर बंद पडे. म्हणून १९६९ साली तो कॉलिन चॅपमनच्या लोटस संघात गेला.

लोटसच्या गाड्या वेगवान होत्या आणि नाजूकही. हलकेपणा हेच चॅपमनचे दैवत. त्या वर्षी बार्सिलोनाच्या मोंझुईक मार्गावर गाडीचा उंच पंख मोडून रिंट कठड्यावर आदळला आणि जखमी झाला. त्यानंतर या गाडीवरचा त्याचा विश्वास पुरता कधीच बसला नाही, तरी जिंकायचे तर हीच गाडी हवी हेही त्याला कळत होते. त्याच वर्षी अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे पहिला विजय मिळाला.

१९७० हे वर्ष विजयांचे आणि अंत्ययात्रांचेही. एप्रिलमध्ये स्पेनच्या शर्यतीत जॅकी इक्सची गाडी पेटली. तो भाजला, पण वाचला. जूनच्या आरंभी ब्रूस मॅक्लॅरन गुडवुड येथे चाचणीत गेला. त्याच महिन्यात नेदरलँड्समधील झांडफोर्ट येथे रिंटचा मित्र पिअर्स करेज जळत्या गाडीत मरण पावला. ती शर्यत रिंटने जिंकली. आनंद करण्यासारखे त्याच्यापाशी काही उरले नव्हते. त्याआधी मोनाको आणि त्यानंतर फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी असे विजय त्याने मिळवले. जगज्जेतेपद मिळाले की थांबायचे, असे त्याने पत्नी नीनाला सांगितले होते. मुलगी नताशा तेव्हा दोन वर्षांची होती.

आगीची ही भीती लक्षात घेतल्यावाचून त्या पट्ट्याची गोष्ट कळत नाही. १९६२ साली चॅपमनने लोटस २५ या गाडीत चालकाला जवळजवळ उताणे निजवले. गाडी बुटकी झाली, हवेचा विरोध घटला. सर्वांनीच ती रीत उचलली. पण उताण्या बसलेल्या देहाला थोपवणे कठीण असते. गाडी एकाएकी थांबली की देह पुढे जातच राहतो. ताठ बसलेल्या माणसाला कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडावर धरून ठेवतो. उताणा माणूस त्याखालून पायांच्या दिशेने सरकतो. खांद्यांचे पट्टे घट्ट असतील तर ते कमरेचा पट्टा आणखी वर ओढतात. मग तोच पट्टा पोटावर, छातीवर, क्वचित गळ्यावरही येतो. हे टाळण्यासाठी दोन्ही मांड्यांमधून वर येणारा एक पट्टा असतो. त्याचे काम एवढेच, की बक्कल खाली धरून ठेवायचे.

आज हौसेने स्पोर्ट्स कारमध्ये बाजारातले रेसिंग सीट बसवून घेणाऱ्यांनी त्या आसनाच्या बैठकीत पुढच्या बाजूला असलेले भोक पाहिलेले असते. ते याच पट्ट्यासाठी. बहुतेकदा ते शोभेपुरतेच राहते. मूळ आसन काढले की त्यातली बाजूची एअरबॅग जाते. खांद्यांचे पट्टे मागे थेट जमिनीला अडकवले की धडकेत तेच पाठीचा कणा खाली दाबतात. आसन, पट्टे आणि ते जेथे जखडले जातात ती जागा मिळून एकच यंत्र असते, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

रिंटला हे ठाऊक नव्हते असे नाही. गाडी पेटली तर क्षणार्धात बाहेर पडता यावे म्हणून तो मांड्यांमधला पट्टा लावत नसे. याला बेफिकिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळी आगीने माणसे खरोखरच मरत होती. दोन मरणांपैकी एकाला त्याने अधिक घाबरायचे ठरवले होते.

मोंझाच्या सरावात, सरळ रस्त्यावर वेग वाढावा म्हणून लोटसचे पंख काढून टाकले होते. पॅराबोलिका वळणाच्या अलीकडे ब्रेक लावताना गाडी डावीकडे वळली आणि लोखंडी कठड्यात घुसली. पुढचा भाग उखडला. रिंट आसनातून खाली सरकला आणि पट्ट्यांनीच त्याच्या गळ्याला जीवघेणी जखम केली. मिलानच्या रुग्णालयाकडे नेताना प्राण गेला. वय २८. उजव्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता, असे चौकशीत निघाले. मृत्यूचा दोष मात्र नीट न उभारलेल्या कठड्यावर ठेवण्यात आला. गाडी पेटली नव्हती.

उरलेल्या शर्यतींत त्याचे ४५ गुण ओलांडण्याची संधी फेरारीच्या इक्सला होती. वॉटकिन्स ग्लेन येथे लोटसचाच नवखा ब्राझिली चालक एमर्सन फित्तिपाल्दी जिंकला, इक्स चौथा आला आणि तो प्रश्न मिटला. इक्सचे अखेरीस ४० गुण झाले. जगज्जेतेपदाचा चषक मावळता विजेता जॅकी स्ट्युअर्ट याच्या हस्ते नीनाने स्वीकारला. १९७२पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा पट्ट्यांचा हार्नेस सक्तीचा झाला. त्यातले दोन मांड्यांमधून येतात. रिंटला ग्राट्सच्या मध्यवर्ती दफनभूमीत पुरले आहे.