निर्णयसागरकार जावजी दादाजी

मराठी पुस्तक हाती घेतले की आपण लेखकाचे नाव पाहतो, फार तर प्रकाशकाचे. ज्या अक्षरांतून तो मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला ती अक्षरे कोणी घडविली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. अक्षर चांगले असले की त्याच्याकडे लक्षच जात नाही. वाईट असले तरच ते डोळ्यांना खुपते. मराठी वाचकाला सुबक छापील अक्षराची सवय लावणाऱ्यांत निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे नाव अग्रभागी येते. कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांना तर त्यांचे चरित्र ठाऊक असावयासच हवे. कारण संस्कृत व जुन्या मराठी काव्याचा अभ्यास करताना आपण ज्या ग्रंथांचा आधार घेतो, त्यांपैकी कित्येक त्यांच्या खिळ्यांनी छापले गेले आहेत.

जावजींचा जन्म इ. स. १८३९ मध्ये मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. घरच्या परिस्थितीमुळे शालेय शिक्षण बेताचेच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम या मुद्रणतज्ज्ञाच्या हाताखाली कामाला लागले. काम होते ओतलेले खिळे घासण्याचे आणि पगार होता दरमहा दोन रुपये. पोटासाठी लहान वयात मुंबईत राबणे ही आपल्या कोकणातल्या घराघरांतली कहाणी आहे. त्यामुळे या दोन रुपयांची किंमत आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

खिळे घासणे म्हणजे हलके काम, असे कोणालाही वाटेल. परंतु खिळा कसा तयार होतो हे पाहिले म्हणजे या कामाचे महत्त्व कळते. प्रथम पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका करावयाची. मग ती साच्यात बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचा रस ओतावयाचा. ओतून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरबरीत असतात. इंग्रजी अक्षरे एकमेकांपासून सुटी उभी राहतात. आपल्या बालबोध लिपीत मात्र डोक्यावरची शिरोरेखा एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात सलग जावी लागते. खिळ्याची बाजू केसभर अधिक राहिली की शिरोरेखा तुटते. त्यात वर मात्रा व वेलांट्या, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. म्हणजे खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाते. हे शेकडो खिळे हाताखालून घालविताना त्या पोराच्या बोटांना व नजरेला जे शिक्षण मिळाले, ते त्या काळी कोणत्याही शाळेत मिळण्यासारखे नव्हते. ग्रॅहम यांच्यासारखा जाणता गुरू लाभला, हे जावजींचे भाग्य. आणि घासकामात विद्या आहे हे ओळखले, हा त्यांचा गुण.

पुढे टाइम्स, इंदुप्रकाश, ओरिएंटल अशा छापखान्यांतून त्यांनी नोकऱ्या केल्या. हाताला यश होते, नोकरीची ददात नव्हती. तरीही इ. स. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला. पाठीशी घराणे नाही, भांडवल नाही, इंग्रजी विद्येचे वजन नाही, अशा माणसाने हे धाडस करावे ही साधी गोष्ट नव्हती. या उद्योगात त्यांना राणोजी रावजी आरू या मित्राची साथ मिळाली. राणोजी हे अक्षरे कोरण्यात अत्यंत निष्णात होते. एकाने अक्षर कोरावे आणि दुसऱ्याने ते ओतून, पारखून बाजारात उभे करावे, अशी ही जोडी होती. त्यापूर्वी गणपत कृष्णाजींच्या काळात शिळाछापाची पुस्तके निघत. त्यांत लेखनिकाच्या हाताचे वळण जसेच्या तसे उतरे. धातूच्या खिळ्यांना ते वळण साधत नाही, असा आक्षेप घेण्यास जागा होती. जावजी-राणोजींच्या अक्षरांनी तो आक्षेप पुसून टाकला. भारतभरचे छापखाने निर्णयसागरचे खिळे मागवू लागले.

इ. स. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील या छापखान्याचे पंचांग घरोघरी गेले. १८८१ पासून विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ मासिक येथे छापले जाऊ लागले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. १८८६ मध्ये जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली. पोथ्यांत अडकून पडलेली संस्कृत काव्ये शुद्ध व स्वस्त रूपात विद्यार्थ्यांच्या हाती आली आणि युरोपातील पंडितही निर्णयसागरच्या प्रती वापरू लागले. ज्याला स्वतःला पंडित होता आले नाही, त्याने पंडितांना ग्रंथ पुरविले. इ. स. १८९२ मध्ये अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी जावजी निवर्तले. पुढे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी हा व्याप सांभाळला.

जावजींच्या काळी मुद्राक्षरांची विद्या कारखान्यात, गुरूच्या शेजारी बसून शिकावी लागे. पुढे ती शिक्षणसंस्थांत आली. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये उपयोजित कलेचा विभाग निघाला व १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. पवईच्या आय. आय. टी.त १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. तेथे १९८३ पासून कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी अक्षरविद्या शिकविली, आणि त्यांच्याच देखरेखीखाली घडलेले ‘मंगल’ हे अक्षर संगणकावर आले. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील मोठा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे कारखान्यातील विद्या विद्यापीठात आली, तिला ग्रंथ मिळाले, पदव्या मिळाल्या. ही प्रगती निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु एक धोका तितकाच खरा आहे. आज खिळे गेले, शिसे गेले; बोटाच्या एका दाबाने पन्नास वळणे पडद्यावर हजर होतात. लग्नपत्रिका असो, ग्रामपंचायतीचा फलक असो वा आपल्या वैभववाडीच्या बाजारपेठेतील दुकानाची पाटी असो, अक्षर निवडणारा हात आता कोणाचाही असू शकतो. अशा वेळी शिरोरेखा कोठे तुटते, उकार कोठे अडखळतो, जोडाक्षर कोठे वाचेनासे होते, हे पाहणारी नजर शिकविली नाही, तर साधने वाढतील आणि अक्षर मात्र बिघडेल. इंग्रजी अक्षरांसाठी केलेले नियम आपल्या लिपीला जसेच्या तसे लावून भागणार नाही. म्हणून अक्षरविद्या शिकविणाऱ्या प्रत्येक वर्गात विद्यार्थ्याने प्रथम स्वतःच्या हाताने अक्षर गिरवावे, जुने छापील पान भिंगाखाली धरून पाहावे, आणि मगच यंत्राकडे वळावे.

जावजींना पदवी नव्हती. पण खिळ्याची बाजू केसभर अधिक आहे की नाही, हे त्यांचे बोट सांगू शकत असे. आपल्याला पदवी मिळणार आहे. तिच्या जोडीला ती केसभराची जाण आपण मिळवू शकलो, तरच दोन रुपये पगारावर खिळे घासणाऱ्या त्या मुलाचे ऋण काही अंशी फिटेल.