टुपाक शकूर

टुपाक अमारू शकूर (जन्म : न्यू यॉर्क, १६ जून १९७१; मृत्यू : लास व्हेगस, १३ सप्टेंबर १९९६) हे अमेरिकन रॅपर, कवी आणि चित्रपट अभिनेते होते. ‘२पॅक’ या नावाने ते ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करीत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील दारिद्र्य, पोलिसी अत्याचार, अमली पदार्थांचा विळखा आणि एकट्या मातांचे कष्ट हे त्यांच्या गीतांचे प्रमुख विषय होते. पहिला अल्बम प्रसिद्ध झाल्यानंतर ते पाच वर्षेही जगले नाहीत. तरीही हिप-हॉप संगीतातील सर्वाधिक प्रभावी कलावंतांत त्यांची गणना होते. फौजदारी खटले, लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यातील शिक्षा आणि अखेरच्या वर्षातील वैरभावाची गीते यांमुळे त्यांची कारकीर्द तितकीच वादग्रस्तही ठरली.

जन्म व कौटुंबिक पार्श्वभूमी

शकूर यांचा जन्म न्यू यॉर्कमधील ईस्ट हार्लेम भागात झाला. त्यांचे जन्मनाव लेसेन पॅरिश क्रूक्स असे होते. पुढच्याच वर्षी, अठराव्या शतकात पेरूमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या दुसऱ्या टुपाक अमारूच्या स्मरणार्थ त्यांचे नाव बदलण्यात आले.

त्यांच्या आई अफेनी शकूर या ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्या होत्या. न्यू यॉर्कमधील बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप ठेवलेल्या २१ पँथर सदस्यांमध्ये त्यांचा समावेश होता. गरोदर असताना त्यांना तुरुंगात राहावे लागले. न्यायालयात त्यांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. मे १९७१ मध्ये सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता झाली आणि त्यानंतर महिनाभरात टुपाक यांचा जन्म झाला. त्यांचे सावत्र वडील मुतुलू शकूर यांचे नाव १९८२ पासून एफबीआयच्या दहा प्रमुख फरारींच्या यादीत होते. १९८६ मध्ये त्यांना अटक झाली. अशा घरात वाढल्यामुळे राज्यसंस्थेविषयीचा अविश्वास आणि अन्यायापुढे न झुकण्याची वृत्ती हे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. मात्र चळवळ ओसरल्यानंतर कुटुंबाच्या वाट्याला दारिद्र्य आले. सतत घरे बदलावी लागली आणि पुढे अफेनी यांना क्रॅक कोकेनचे व्यसन जडले.

शिक्षण

बाराव्या-तेराव्या वर्षी शकूर यांनी हार्लेममधील एका नाट्यसंस्थेत प्रवेश केला. १९८४ मध्ये जेसी जॅक्सन यांच्या अध्यक्षीय प्रचारासाठी निधी उभारण्याकरिता अपोलो थिएटरमध्ये लॉरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाचा प्रयोग झाला; त्यात त्यांनी भूमिका केली. कुटुंब बाल्टिमोरला गेल्यावर त्यांना बाल्टिमोर स्कूल फॉर द आर्ट्स या कलाशाळेत प्रवेश मिळाला. तेथे अभिनय, काव्य, जॅझ आणि बॅले यांचे शिक्षण त्यांनी घेतले. शेक्सपिअरच्या नाटकांशी त्यांचा परिचय येथेच झाला. पुढे अभिनेत्री म्हणून प्रसिद्धीस आलेल्या जेडा पिंकेट या त्यांच्या सहाध्यायी होत्या.

१९८८ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील मरिन सिटी येथे स्थलांतरित झाले आणि हे शिक्षण अपुरे राहिले. तेथे लीला स्टाइनबर्ग यांच्या काव्यवर्गात ते नियमित जाऊ लागले. या काळात लिहिलेल्या त्यांच्या कविता मृत्यूनंतर १९९९ मध्ये ‘द रोझ दॅट ग्रू फ्रॉम काँक्रीट’ या संग्रहात प्रसिद्ध झाल्या.

संगीत कारकीर्द

१९९० मध्ये शकूर ‘डिजिटल अंडरग्राउंड’ या रॅप समूहात सामान वाहणारे मदतनीस आणि नर्तक म्हणून दाखल झाले. १९९१ च्या आरंभी याच समूहाच्या ‘सेम साँग’ या गीतात त्यांचा आवाज प्रथम ऐकू आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘२पॅकॅलिप्स नाऊ’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ हे गीत बारा वर्षांच्या एका मुलीच्या गरोदरपणाविषयीच्या वृत्तपत्रीय बातमीवरून सुचलेले होते. कुटुंब आणि समाज या दोघांनीही वाऱ्यावर सोडलेल्या मुलीची कथा त्यांनी त्यात सांगितली.

१९९२ मध्ये टेक्सासमध्ये एका पोलिसाची हत्या झाली. हा अल्बम ऐकून आरोपी प्रवृत्त झाला, असा बचाव त्याच्या वकिलांनी मांडला. त्यानंतर उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी अशा संगीताला समाजात स्थान नसल्याची जाहीर भूमिका घेतली. या टीकेमुळे शकूर यांचे नाव देशभर पोहोचले. ‘ज्यूस’ (१९९२) या चित्रपटातील हिंसक तरुणाच्या आणि ‘पोएटिक जस्टिस’ (१९९३) मधील जॅनेट जॅक्सन यांच्यासोबतच्या भूमिकेमुळे अभिनेते म्हणूनही त्यांना मान्यता मिळाली. १९९३ च्या दुसऱ्या अल्बममधील ‘कीप या हेड अप’ हे गीत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सन्मानाविषयी आहे.

आपल्या शब्दांत समाज हलवण्याचे सामर्थ्य आहे, यावर शकूर यांचा ठाम विश्वास होता. ‘ठग लाइफ’ ही संकल्पना त्यातूनच आली. समाजाने गुंड म्हणून हिणवलेल्या तरुणांनी तेच नाव अभिमानाने धारण करावे, अशी त्यामागील कल्पना होती. हे शब्द त्यांनी पोटावर गोंदवून घेतले. १९९२ मध्ये मुतुलू शकूर यांच्या साहाय्याने टोळ्यांसाठी एक आचारसंहिताही तयार करण्यात आली. लहान मुले आणि सामान्य नागरिक यांना टोळीयुद्धापासून दूर ठेवणे हा तिचा हेतू होता. बहुतेकांपर्यंत मात्र ही आचारसंहिता पोहोचली नाही. गोंदण आणि घोषणा तेवढ्या पोहोचल्या.

खटले व कारावास

१९९१ मध्ये रस्ता ओलांडण्याचा नियम मोडल्याच्या कारणावरून ओकलंड पोलिसांनी आपल्याला मारहाण केल्याचा दावा शकूर यांनी दाखल केला. तो तडजोडीने मिटला. ऑगस्ट १९९२ मध्ये मरिन सिटीतील एका कार्यक्रमात त्यांच्या साथीदारांशी झालेल्या झटापटीत गोळी सुटून सहा वर्षांचा एक मुलगा मृत्युमुखी पडला. या प्रकरणी शकूर यांच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आले नाहीत. मुलाच्या कुटुंबाने केलेला दिवाणी दावा भरपाई देऊन मिटवण्यात आला. ऑक्टोबर १९९३ मध्ये अटलांटा येथे त्यांनी कामावर नसलेल्या दोन पोलिसांवर गोळ्या झाडल्या. नंतर त्यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आले. एका चित्रपट दिग्दर्शकाला मारहाण केल्याबद्दल १९९४ मध्ये त्यांना १५ दिवसांचा कारावास झाला.

सर्वांत गंभीर प्रकरण नोव्हेंबर १९९३ मधील होते. न्यू यॉर्कमधील एका हॉटेलात शकूर आणि त्यांच्या साथीदारांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार १९ वर्षांच्या एका तरुणीने केली. खटल्याचा निकाल लागण्याच्या आदल्या रात्री, ३० नोव्हेंबर १९९४ रोजी, मॅनहॅटनमधील क्वाड स्टुडिओच्या तळमजल्यावर लुटारूंनी केलेल्या गोळीबारात शकूर जखमी झाले. दुसऱ्या दिवशी ते चाकांच्या खुर्चीतून न्यायालयात आले. ज्यूरीने त्यांना लैंगिक अत्याचाराच्या आरोपात दोषी ठरवले आणि त्याहून गंभीर आरोपांतून मुक्त केले. शकूर यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांना दीड ते साडेचार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. स्त्रियांच्या दुःखाची गीते लिहिणाऱ्या कलावंताला याच गुन्ह्यात शिक्षा व्हावी, ही विसंगती त्यांच्या चरित्राच्या कोणत्याही मूल्यमापनात टाळता येत नाही.

मार्च १९९५ मध्ये, ते तुरुंगात असताना, ‘मी अगेन्स्ट द वर्ल्ड’ हा अल्बम प्रसिद्ध झाला आणि बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. तुरुंगवास भोगत असताना हे स्थान मिळवणारे ते पहिले कलावंत होत. त्यातील ‘डिअर मामा’ या गीतात आईच्या व्यसनाची कबुली आणि तिच्याविषयीची कृतज्ञता एकत्र येते.

डेथ रो पर्व

ऑक्टोबर १९९५ मध्ये अपील प्रलंबित असताना १४ लाख डॉलरच्या जामिनावर शकूर यांची सुटका झाली. डेथ रो रेकॉर्ड्सचे प्रमुख शुग नाइट यांनी ही व्यवस्था घडवून आणली होती. त्या बदल्यात शकूर यांनी तीन अल्बमचा करार केला. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ऑल आईज ऑन मी’ हा २७ गीतांचा दुहेरी अल्बम त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठे व्यावसायिक यश ठरला.

या पर्वात त्यांच्या लेखनाचा स्वर बदलला. क्वाड स्टुडिओतील हल्ल्याची पूर्वकल्पना जुने मित्र क्रिस्टोफर वॉलेस (नोटोरियस बी.आय.जी.) आणि त्यांच्या वर्तुळाला होती, असा शकूर यांचा समज होता, वॉलेस यांनी तो नाकारला. जून १९९६ मधील ‘हिट एम अप’ या गीतात शकूर यांनी वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर अत्यंत जहाल वैयक्तिक हल्ला चढवला. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील रॅपरांमधील स्पर्धेला त्यामुळे उघड शत्रुत्वाचे रूप आले. एकेकाळी राज्यसंस्थेविरुद्ध वापरलेली धार आता आपल्याच समाजातील माणसांवर रोखली गेली, अशी टीका या पर्वावर होते. मात्र याच काळात त्यांची निर्मिती विलक्षण वेगाने चालू होती. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘मकावेली’ या टोपणनावाने त्यांनी एक संपूर्ण अल्बम सुमारे आठवडाभरात पूर्ण केला. हे नाव इटालियन विचारवंत मॅकियाव्हेली यांच्यावरून घेतलेले होते. त्यांचे लेखन शकूर यांनी तुरुंगात वाचले होते.

मृत्यू

७ सप्टेंबर १९९६ रोजी शकूर लास व्हेगस येथे माइक टायसन यांचा मुष्टियुद्धाचा सामना पाहण्यासाठी गेले होते. सामन्यानंतर त्यांनी व त्यांच्या साथीदारांनी ऑर्लँडो अँडरसन या प्रतिस्पर्धी टोळीतील तरुणाला मारहाण केली. काही तासांनी, नाइट चालवत असलेल्या मोटारीत बसलेले असताना, शेजारी येऊन थांबलेल्या गाडीतून शकूर यांच्यावर गोळीबार झाला. सहा दिवसांनी, १३ सप्टेंबर रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांचे रुग्णालयात निधन झाले. मार्च १९९७ मध्ये वॉलेस यांचीही लॉस एंजेलिसमध्ये हत्या झाली. शकूर यांच्या हत्येप्रकरणी तब्बल २७ वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, टोळीच्या एका माजी सदस्याला अटक झाली. त्याने आरोप नाकारले.

शैली, प्रभाव व वारसा

शब्दचातुर्यापेक्षा भावनेच्या थेट अभिव्यक्तीवर शकूर यांचा भर होता. तेच शब्द पुन्हा ध्वनिमुद्रित करून ते आवाज एकावर एक बसवीत. त्यामुळे त्यांच्या उच्चाराला भारदस्तपणा येई. नाट्यशिक्षणाचा परिणाम त्यांच्या पठणात स्पष्ट जाणवतो.

मृत्यूच्या वेळी त्यांची बरीच गीते अप्रकाशित होती. अफेनी शकूर यांनी ती टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केली आणि मुलाच्या नावे तरुणांच्या कलाशिक्षणासाठी संस्था स्थापन केली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘चेंजेस’ हे वंशभेद आणि दारिद्र्यावरील गीत जगभर लोकप्रिय झाले. २००३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांच्यावर परिसंवाद झाला. २०१० मध्ये ‘डिअर मामा’ची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत झाली. २०१२ मध्ये कोचेला महोत्सवात त्यांची प्रकाशप्रतिमा रंगमंचावर सादर करण्यात आली. मृत कलावंताचा असा वापर योग्य आहे का, यावर त्यानंतर चर्चा झाली. २०१७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०२३ मध्ये ओकलंडमधील एका रस्त्याच्या भागाला त्यांचे नाव देण्यात आले.

पुढील पिढीतील केंड्रिक लमार यांनी २०१५ च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ या अल्बमच्या शेवटी शकूर यांच्या १९९४ मधील मुलाखतीचे ध्वनिमुद्रण वापरून त्यांच्याशी काल्पनिक संवाद रचला. या वारशाचे दोन भाग मात्र वेगळे करता येत नाहीत. पिचलेल्या माणसाला स्वतःच्या मूल्याची जाणीव करून देणारा आत्मविश्वास आणि अखेरच्या वर्षात माघार घेऊ न देणारा अहंभाव यांचे मूळ एकच होते. त्यामुळे शकूर यांच्याविषयीचे आकर्षण आणि त्यांच्याविषयीचा वाद, दोन्ही आजही टिकून आहेत.