सलग ७२ तास ऑपरेशन करणारे सोलापूरचे डॉ. कोटणीस ३२ व्या वर्षीच कसे गेले?

डॉ. कोटणीस म्हटलं की बहुतेकांना व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा आठवतो. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करता करता प्राण सोडलेला सोलापूरचा डॉक्टर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांचा जीव बॉम्बने घेतला नव्हता की गोळीने. तो घेतला फिट्सनी, म्हणजे अपस्माराने.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातला. डॉक्टरकी शिकायला ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात गेले. १९३७ साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं आणि चीनने भारताकडे डॉक्टर मागितले. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. कोटणीस तेव्हा २८ वर्षांचेही नव्हते.

बाकीचे चौघे पुढे भारतात परतले, कोटणीस मात्र तिथेच राहिले. सोलापुरात वडील गेले, तरी ते परत आले नाहीत.

तिथे नेमका किती ताण होता?

आघाडीजवळचं डोंगराळ गाव, कडाक्याची थंडी, औषधांचा तुटवडा आणि जखमींची रीघ. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन्स केली आणि शेकडो जखमींवर उपचार केले, असं सांगितलं जातं. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालय चालवणं, विद्यार्थ्यांना शिकवणं, चिनी भाषेत सर्जरीचं पुस्तक लिहिणं, सगळं एकाच वेळी चालू होतं.

त्याच वर्षी त्यांनी गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव इनहुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

पण तोपर्यंत त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. काम थांबलं नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक झटके आले आणि त्यातच ते गेले. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा होता.

ताणामुळे फिट्स येतात का?

ताण हे एकटं कारण सहसा नसतं. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतल्या पेशींमध्ये अचानक विजेसारखी गडबड होते आणि झटका येतो. पण ज्याला हा आजार आहे, त्याच्यासाठी अपुरी झोप, अतिश्रम आणि सततचा ताण या गोष्टी झटका यायला निमित्त ठरतात. कोटणीसांच्या वाट्याला हे तिन्ही आले होते, तेही वर्षानुवर्षं. आज आहेत तशी औषधंही तेव्हा नव्हती.

समोर कुणाला फिट आली तर काय करायचं?

• कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. त्याचा उपयोग नाही.
• तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका.
• माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि घड्याळ बघा.
• झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकला, किंवा शुद्ध न येताच दुसरा आला, तर लगेच १०८ ला फोन करा.
• गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि झोप चुकवू नका.

सोलापुरात भैय्या चौकाजवळ कोटणीसांचं स्मारक आहे, चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे. ७२ तासांची गोष्ट दोन्हीकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. त्यांच्यासमोर युद्ध होतं, टेबलावर जखमी होते. आपल्यासमोर बहुतेक वेळा फक्त डेडलाइन असते. म्हणून रात्र-रात्र जागून काम केल्याचं स्टेटस टाकण्याआधी या गोष्टीचा शेवटही आठवा. शरीराची झोपेची उधारी त्या डॉक्टरलाही चुकवता आली नव्हती.