बाळंतपणाच्या रजेमागचे बाबासाहेब

मैत्रिणींनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत, तहसीलमध्ये, सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला १४ एप्रिलला आठवतात. मला मात्र बाळंतपणाच्या रजेचा अर्ज पाहिला तरी आठवतात!

रमाईंना पाच लेकरं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बसू लागले आणि जुलै १९२८ मध्ये कारखान्यात राबणाऱ्या बायकांच्या प्रसूती विधेयकाच्या बाजूनं बोलले. बाळंतिणीला विसावा मिळणं देशाच्याच हिताचं, म्हणून खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. मला तर वाटतं, त्यामागे घरातलं दुःखही असणार. १९२९ मध्ये कायदा झाला, पण मुंबई प्रांतापुरता. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होतं ना!

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणीतल्या बायकांच्या प्रसूती कायद्यात त्यांच्याच काळात सुधारणा झाल्या. मात्र युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायकांना पुन्हा जमिनीखालच्या खाणीत उतरवलं गेलं, आणि त्याचं समर्थनही त्यांनीच केलं. पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हे त्यांनी पाहिलं, १९४६ मध्ये बंदी परतही आली. तरी तो निर्णय मला काही पटत नाही.

पुढे राज्यघटना आली. सरकारी नोकरीत बाई म्हणून भेदभाव नको, हे कलम १६ मध्ये आलं. १९५६ मध्ये बाबासाहेब गेले. पण परराष्ट्र सेवेत बाईनं लग्नाआधी सरकारची परवानगी काढायची, हा नियम चालूच राहिला! सी. बी. मुथम्मा या अधिकारी बाई थेट सुप्रीम कोर्टात गेल्या, तेव्हा १९७९ मध्ये कोर्टानं सरकारचे कान उपटले.

म्हणून मी सांगते, जीआर आपणच वाचायचे. राज्य सरकारी नोकरीत बाळंतपणाची रजा १८० दिवसांची आहे. जुलै २०१८ च्या जीआरनं मुलांच्या संगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून आणखी १८० दिवस दिलेत. मुलांच्या संख्येची अट मात्र आधी वाचून घ्या. बाबूंनी असं काही नसतं म्हटलं, तर जीआरची झेरॉक्स अर्जाला जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.