विश्लेषण : काचेपलीकडच्या सापाला डार्विन का दचकले? पापणी मोजून भीती कशी कळते?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेमागे पफ अ‍ॅडर जातीचा विषारी साप होता. चार्ल्स डार्विन यांनी चेहरा काचेजवळ नेला. साप अंगावर आला तरी हलायचे नाही, असा त्यांचा पक्का निर्धार होता. सापाने झडप घातली आणि डार्विन क्षणात एक-दोन यार्ड मागे उडाले. काच मध्ये आहे हे डोक्याला ठाऊक होते, पण शरीराने डोक्याला विचारलेच नाही.

ही फजिती त्यांनी स्वतःच १८७२ मध्ये पुस्तकात छापली. माणूस आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात, हा त्या पुस्तकाचा विषय होता.

भीतीशी जुनी ओळख

डार्विन यांचा जन्म १८०९ चा, इंग्लंडमधील श्रूजबरीचा. वडील डॉक्टर, म्हणून मुलालाही एडिंबराला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. तिथे पाहिलेल्या दोन शस्त्रक्रियांपैकी एक लहान मुलावरची होती. दोन्ही वेळा ते अर्ध्यातून बाहेर पळाले. ती दृश्ये पुढे अनेक वर्षे त्यांचा पिच्छा पुरवत होती. डॉक्टरकी सुटली. १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावरचा प्रवास झाला आणि १८३९ मध्ये एमा वेजवूड यांच्याशी लग्न.

घरातच प्रयोग

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थोरला मुलगा विल्यम जन्मला आणि डार्विन वही घेऊन बसले. बाळ ६६ दिवसांचे असताना बापाला शिंक आली. बाळ जोरात दचकले, रडले आणि पुढे तासभर बारीकशा आवाजालाही दचकत राहिले.

११४ व्या दिवशी त्यांनी बाळाच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची रिकामी डबी हलवली. पापणी लवली नाही. मग तिच्यात साखरेच्या गोळ्या टाकून ती तशीच, त्याच जागी खुळखुळवली. आता दर वेळी डोळे घट्ट मिटले आणि अंग किंचित दचकले. डबी तीच, अंतर तेच, बदलला फक्त आवाज. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये हेच शिकवायला एक सेमिस्टर लागते! एवढ्याशा बाळाला आवाजातला धोका अनुभवाने कळणे शक्य नाही, तेव्हा ही प्रतिक्रिया पिढ्यान् पिढ्या वारशाने आली असावी, असे डार्विन यांनी मांडले. विल्यमच्या या नोंदींवरचा लेख त्यांनी छापला तो थेट १८७७ मध्ये.

यात पणाला काय लागले होते? चेहऱ्याचे काही स्नायू देवाने खास माणसाला भावना दाखवण्यासाठी दिले, असे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांचे मत होते. ते खरे असेल, तर माणूस प्राण्यांपासून वेगळाच ठरतो. डार्विन यांना नेमके हेच खोडायचे होते.

अहमदनगरमधून आलेले उत्तर

त्यासाठी १८६७ च्या सुमारास त्यांनी जगभर प्रश्नावली पाठवली. मुंबई इलाख्यातील तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून एच. अर्स्किन यांनी निरीक्षणे कळवली. मात्र ठाम निष्कर्ष काढणे त्यांना अवघड गेले, कारण युरोपियन माणसासमोर इथले लोक सवयीने सगळ्या भावना लपवत. हुकूम चालवणाऱ्यापुढे चेहरा कोरा ठेवण्यात तसे नवल काहीच नव्हते. पण संशोधकाची अडचण खरी होती : चेहरा लपवता येतो. मग न लपणारे काय?

आज कसे मोजतात?

डार्विन १८८२ मध्ये वारले. त्यांच्याकडे मोजायचे यंत्र नव्हते, होते ते फक्त डोळे आणि वही. आता खालच्या पापणीखाली, डोळा मिटणाऱ्या स्नायूवर छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात. हेडफोनमधून अचानक मोठा आवाज येतो, साधारण १०० डेसिबलचा आणि जेमतेम ५० मिलिसेकंदांचा. काही दशांश मिलिसेकंद नव्हे, पण ३० ते ५० मिलिसेकंदांतच स्नायू आकसतो आणि त्याचा विद्युत संकेत मायक्रोव्होल्टमध्ये नोंदला जातो. तोच तो आवाज ऐकून पापणी सरावते, म्हणून आवाजाची वेळ मुद्दाम अनियमित ठेवतात.

१९८८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लँग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की त्रासदायक चित्र पाहताना आवाज आला तर पापणी अधिक जोरात मिटते आणि सुखद चित्र पाहताना कमी. हे खोटे पकडणारे यंत्र नव्हे. समोरचा कशाला घाबरला, हे पापणी सांगत नाही. त्या क्षणी शरीर किती सावध होते, एवढेच ती सांगते.