विश्लेषण : मेंडेलच्या वाटाण्यात राहून गेलेला प्रश्न खानदेशच्या मटकीत अजून का?

जळगाव-धुळ्याच्या कोरडवाहू शेतात मूग आणि उडीद म्हणजे खरिपाचा पहिला पैसा. जूनच्या पावसावर पेरलेला मूग पोळ्याच्या आसपास घरात येतो. पण शेंगा एकदम पिकत नाहीत. दोन-तीन तोडे करावे लागतात, प्रत्येक तोड्याला मजूर लागतात आणि मधेच पावसाने गाठले की शेंगेतच कोंब फुटतात. मटकीची तऱ्हा आणखी वेगळी. ती जमिनीवर पसरते आणि वाढतच राहते. एकाच वेलावर फूल, हिरवी शेंग आणि वाळलेली शेंग दिसते. वाढ कधी थांबवायची आणि फुलावर कधी यायचे, हे झाडाला कोण सांगते?

कडधान्याच्या बाबतीत हा प्रश्न पद्धतशीरपणे, मोजमाप करून ज्यांनी हाताळला, ते होते ग्रेगोर मेंडेल. बागेतल्या वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे पाद्री म्हणून शाळेच्या पुस्तकात ते सगळ्यांना भेटतात. त्याच बागेत त्यांचा एक प्रयोग अपुरा राहिला होता, हे मात्र पुस्तकात सहसा नसते. तो प्रयोग फुलोऱ्याच्या वेळेचा होता.

शेतकऱ्याचा मुलगा मठात कसा पोहोचला?

योहान मेंडेलचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्झेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील आंतोन स्वतःची शेती करत, पण आठवड्याचे तीन दिवस जमीनदाराच्या शेतात वेठीने राबावे लागे. फळझाडांवर कलमे बांधायला योहान लहानपणीच शिकला. मुलगा हुशार आहे हे गावच्या शिक्षकाने हेरले आणि तो शिकायला बाहेर पडला.

१८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले. घरून येणारे पैसे थांबले. योहान शिकवण्या घेऊन, कधी अर्धपोटी राहून शिकत राहिला, अनेकदा आजारीही पडला. पुढच्या शिक्षणासाठी धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला. मेंडेल यांनी हे ऋण विसरले नाही. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनीच उचलला.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाले आणि ग्रेगोर हे नाव त्यांना तिथे मिळाले. त्यामागे श्रद्धा होती, तसा पोटापाण्याचा हिशेबही होता. तिथे जेवणाची भ्रांत नव्हती, मोठे ग्रंथालय होते आणि मठाधिपती सिरिल नाप स्वतः शेती-पशुपालनातले जाणकार होते. ब्रनो हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. चांगल्या लोकरीचा गुण मेंढीच्या पुढच्या पिढीत नेमका कसा उतरतो, याची चर्चा तिथले मेंढपाळ आणि नाप मेंडेल येण्याच्या आधीपासून करत होते.

दोनदा नापास

धर्मगुरू म्हणून आजाऱ्यांच्या उशाशी बसणे मेंडेल यांना झेपेना. ते पाहून स्वतःच अंथरूण धरत. म्हणून नाप यांनी त्यांना शाळेत शिकवायला पाठवले. शिकवण्याची हातोटी होती, पण कायम नोकरीसाठी परीक्षा द्यावी लागे आणि १८५० मध्ये ते तीत नापास झाले. त्यातही निसर्गविज्ञानात! नाप यांनी मग त्यांना १८५१ ते १८५३ अशी दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे ख्रिश्चन डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि फ्रान्झ उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र असे दोन्ही शिकायला मिळाले. झाडांकडे आकड्यांनी पाहायची सवय या जोडीतून लागली असावी. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षा दिली, पुन्हा अपयश आले. मेंडेल आयुष्यभर बदली शिक्षकच राहिले, आणि त्याच वर्षी त्यांनी वाटाण्याचे मुख्य संकर सुरू केले.

वाटाणाच का?

वाटाण्याचे फूल मिटलेले असतानाच स्वतःच्या परागाने फळते, त्यामुळे वाण शुद्ध राहते. संकर हवा असेल तर कळी उघडून चिमट्याने परागकोश काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि फुलावर पिशवी बांधायची. मेंडेल यांनी आधी दोन वर्षे ३४ वाणे पेरून पाहिली आणि त्यातली २२ निवडली. त्यांनी सात गुण घेतले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की ठेंगू, फुले खोडाच्या बाजूने की शेंड्याला, असे. सगळे गुण बघताक्षणी वेगळे ओळखू येणारे.

उंच आणि ठेंगू झाडांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी झाडे उंच आली. त्यांचे बी पेरल्यावर १०६४ झाडांत ७८७ उंच आणि २७७ ठेंगू. फुलांच्या जागेसाठी ८५८ झाडांत ६५१ बाजूने, २०७ शेंड्याला. दर वेळी साधारण तीनास एक. ठेंगूपणा पहिल्या पिढीत नाहीसा झाला नव्हता, दडला होता. म्हणजे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत, सुट्या नाण्यांसारखे पुढे जातात. आठ वर्षांत सुमारे २८ हजार झाडे त्यांच्या हाताखालून गेली. डाळीच्या डब्यात भुंगा पाहिलेल्या वाचकांसाठी एक माहिती : वाटाण्याला लागणाऱ्या भुंग्यावर मेंडेल यांनी १८५४ मध्ये छोटे टिपण लिहिले होते आणि पुढे याच किडीने त्यांच्या वाटाण्याला चांगलाच त्रास दिला.

फुलोऱ्याच्या वेळेचे काय झाले?

या सात गुणांखेरीज त्यांनी फुलोऱ्याची वेळही तपासायला घेतली होती. त्यासाठी घातलेल्या अटी आजच्या कृषी संशोधकालाही मान्य होतील. दोन वाणांच्या फुलोऱ्यात निदान २० दिवसांचे अंतर हवे, सगळे बी एकाच खोलीवर पेरले जावे म्हणजे ते एकदम उगवेल, आणि फुलोऱ्याच्या काळातली उष्णतेची चढउतार हिशेबात धरावी.

निकाल मात्र इतर गुणांसारखा आला नाही. संकरित झाडे लवकर येणाऱ्या वाणासारखीही नव्हती आणि उशिरा येणाऱ्यासारखीही नव्हती, ती साधारण मधल्या वेळी फुलली. इथेही नियम तोच असावा, असा अंदाज त्यांनी नोंदवला आणि प्रयोग संपलेला नाही हे सरळ लिहून टाकले. ही कबुली त्यांच्या प्रामाणिकपणाची मोठी खूण मानायला हवी. फुलोऱ्याची वेळ एका जनुकावर ठरत नाही. अनेक जनुके थोडाथोडा वाटा उचलतात, वर दिवसाची लांबी आणि तापमान असतेच. असा गुण ‘तीनास एक’मध्ये मावत नाही.

असेच कोडे त्यांना घेवड्यात, म्हणजे आपल्या राजम्याच्या कुळात, भेटले. बुटक्या आणि वेलीसारख्या घेवड्याच्या संकरात उंची वाटाण्याप्रमाणेच वागली. पण पांढऱ्या फुलाचा घेवडा लाल फुलाच्या दुसऱ्या जातीशी जोडला तेव्हा पुढच्या पिढीतल्या ३१ झाडांपैकी फक्त एकाला पांढरी फुले आली. एका रंगामागे दोन किंवा अधिक घटक असतील, असा तर्क त्यांनी केला.

जगाने दखल का घेतली नाही?

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळात मेंडेल यांनी हे काम वाचून दाखवले. १८६६ मध्ये ते छापले गेले आणि मंडळाचा अंक युरोपातल्या शंभराहून अधिक संस्थांना गेला. तरी हालचाल झाली नाही. म्युनिकचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्याशी सात वर्षे पत्रव्यवहार झाला, पण नेगेली यांना रस होता हॉकवीड या रानफुलात. मेंडेल त्याच्या मागे लागले आणि तिथे वाटाण्याचा नियम दिसेना. हॉकवीडमध्ये बहुतेक बी परागाशिवायच तयार होते, हे तेव्हा माहीत नव्हते. त्या बारीक फुलांच्या कामात डोळ्यांवर ताण आला तो वेगळाच.

१८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि बाग मागे पडली. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. मेंडेल यांनी तो अन्याय्य ठरवून भरायला साफ नकार दिला आणि मरेपर्यंत भांडत राहिले, मठाच्या मालमत्तेवर जप्ती आली तरी. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांची बहुतेक कागदपत्रे नंतर जाळण्यात आली. फुलोऱ्याच्या आणखी काही नोंदी असतील तर त्याही त्यात गेल्या. १९०० मध्ये द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांनी जवळपास एकाच वेळी त्यांचे नियम पुन्हा जगापुढे आणले.

जनुकांचा नकाशा म्हणजे काय?

मेंडेल यांना गुण पूर्ण स्वतंत्र वाटले होते. १९०५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये स्वीट पी या शोभेच्या वाटाण्यात दिसले की काही गुण जोडीनेच प्रवास करतात. कारण जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. धुळे–चाळीसगाव गाडीच्या डब्यांची कल्पना करा. गाडी मधेच कुठेतरी तोडून दुसऱ्या गाडीचे डबे जोडले, तर शेजारच्या डब्यांतले प्रवासी बहुधा एकत्र राहतात, दोन टोकांचे बहुधा वेगळे होतात. किती वेळा ताटातूट झाली हे मोजले की कोण कोणापासून किती लांब हे कळते. १९१३ मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी फळमाशीत असा पहिला नकाशा काढला, तेव्हा ते विशीतले विद्यार्थी होते.

आज पीक कोणतेही असो, पद्धत हीच. लवकर आणि उशिरा फुलणाऱ्या दोन झाडांचा संकर करायचा, त्याच्या शेकडो वंशजांच्या डीएनएवर जागोजागी खुणा तपासायच्या आणि कोणत्या खुणा लवकर फुलणाऱ्या झाडांबरोबर येतात ते पाहायचे. मेंडेलला न सुटलेला ‘मधला’ गुण अशा रीतीने पाच-सहा जागांत वाटून दाखवता येतो.

त्यांच्या सात गुणांमागची सगळी जनुके हाती यायलाही २०२५ उजाडले. उंचीचे जनुक १९९७ मध्ये सापडले, ते जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार करण्याच्या कामातले आहे. फुलांच्या जागेचे जनुक सापडलेल्या शेवटच्या तिघांपैकी एक. खानदेशासाठी याहून कामाचे एक वेगळेच कुटुंब आहे, टीएफएल-१ नावाचे. हे जनुक शेंड्याला वाढत राहायला लावते आणि फूल लांबवते. ते बिघडले की शेंड्यावरच फूल येते आणि वाढ थांबते. वाटाण्यात या कुटुंबातले एक जनुक वाढ थांबणे ठरवते, दुसरे फुलोऱ्याची वेळ. सोयाबीन, राजमा आणि तुरीतही वाढीची चावी इथेच सापडली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी २०१५ मध्ये शेंड्यावर फूल येऊन वाढ थांबणाऱ्या चवळीतही याच जनुकात बदल दाखवला.

मग मटकी आणि कुळथाचे काय?

मुगाचे ‘जळगाव ७८१’ हे जुने वाण खानदेशाचेच नाव लावते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि भाभा केंद्राचे ‘टीएयू-१’ हे उडदाचे वाण महाराष्ट्रात दूरवर पोहोचले. मिसळीत रोज लागणारी मटकी आणि कमी पावसात तग धरणारा कुळीथ (हुलगा) मात्र संशोधनात मागच्या रांगेत राहिले. मटकीच्या गुणसूत्रांच्या ११ जोड्या आहेत आणि तिचे मूळ भारतात मानले जाते, तरी रानटी आणि लागवडीच्या मटकीचा संकर करून गुणांचा नकाशा २०१९ मध्ये प्रसिद्ध केला तो थायलंडच्या कासेत्सार्त विद्यापीठातील संशोधकांनी. कुळथाच्या जनुकसंचाची मांडणी भारतीय आणि जपानी संशोधकांनी मिळून २०२१ मध्ये जगापुढे ठेवली.

नकाशा हाती आला तरी वाण लगेच मिळत नाही. एका जोडीत सापडलेली जागा दुसऱ्या वाणात तितकाच फरक पाडेल याची खात्री नसते, आणि कोरड्या पट्ट्यात अगदी आखूड मुदतीचे पीकही धोक्याचे ठरू शकते. नेमक्या फुलोऱ्यात पावसाने ताण दिला तर वाढतच राहणारा वेल नंतरच्या पावसावर पुन्हा फुलतो, एकदम पिकणाऱ्या झाडाला ती दुसरी संधी नसते. म्हणून वाढ किती थांबवायची हे जागेवरच, त्या त्या मातीत पेरून पाहावे लागते. आणि त्या पेरणीआधी संकर हातानेच करावा लागतो. मटकीचे फूल वाटाण्याहून कितीतरी लहान. कळी न दुखवता चिमट्याने परागकोश काढायचे, पराग लावायचे, चिठ्ठी बांधायची, आणि त्यातल्या बऱ्याच कळ्या दोन दिवसांत गळून पडलेल्या दिसतात.