स्टीव्हन्सन आणि त्यांचे घरगुती नकाशे

सुट्टीच्या दिवसांत जमिनीवर पालथा पडून कागदावर बेटे, किल्ले व नद्या काढीत बसलेला मुलगा दृष्टीस पडला म्हणजे बहुतेक आईबापांस तो वेळ फुकट गेला असे वाटते. भूगोलाच्या तासाचा नकाशा असता तर गोष्ट निराळी. परंतु जो देश पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही, त्याचा नकाशा काढण्यात काय हशील, असा त्यांचा प्रश्न असतो. तो प्रश्न आम्हांसही अनेकदा पडला आहे. त्याचे उत्तर कोरड्या उपदेशाने देण्यापेक्षा एका चरित्राने द्यावे, या हेतूने आम्ही येथे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे अल्पचरित्र सादर करीत आहो. त्यांची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाचनात आली असेल. परंतु त्या पुस्तकाच्या आधी नकाशा जन्मास आला, व त्या नकाशावर एका घरातील तीन पिढ्यांचे हात फिरले, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असेल.

स्टीव्हन्सन यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1850 रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. त्यांचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनियरांचे. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या बेल रॉक नावाच्या खडकावर त्यांच्या आजोबांनी दीपगृह उभारिले, व 1811 साली त्याचा प्रकाश समुद्रावर प्रथम पडला. वडील टॉमस स्टीव्हन्सन हेही त्याच कामात निष्णात होते. अशा घरात नकाशा म्हणजे भिंतीवरील शोभा नव्हे. खडक कोठे आहे व पाणी किती खोल आहे, हे कागदावर किंचित् चुकले तरी तिकडे गलबत फुटावयाचे व माणसे बुडावयाची. नकाशा खरा असला पाहिजे, हा संस्कार लुईच्या रक्तातच होता असे म्हटले तरी चालेल.

परंतु लुईची प्रकृती लहानपणापासून फार नाजूक. छातीच्या विकाराने त्याचे कित्येक दिवस अंथरुणावर जात. अलिसन कनिंगहॅम नावाची एक प्रेमळ दाई रात्ररात्र त्याच्या उशाशी बसून त्यास बायबलातील व संतांच्या गोष्टी सांगे. दिवसा तो पांघरुणाच्या घड्यांचे डोंगर व दऱ्या करी आणि त्यांतून शिशाच्या शिपायांची पलटणे चालवी. एका हिवाळ्यात त्याचा चुलतभाऊ बॉब त्यांच्या घरी राहावयास आला होता. तेव्हा दोघांनी आपापले एकेक बेट कल्पिले. बॉबच्या बेटाचे नाव नोसिंग्टोनिया व लुईच्या बेटाचे एनसायक्लोपीडिया. त्या बेटांचे नकाशे काढण्यात व तेथील राज्यकारभार चालविण्यात दोघांचे दिवस आनंदात गेले. ज्यास खोलीबाहेर जाण्याची बंदी, त्याने खोलीतच पृथ्वी आणिली!

मोठा झाल्यावर मुलाने घराण्याचा धंदा पुढे चालवावा, अशी टॉमस यांची स्वाभाविक इच्छा होती. 1867 साली लुईचा विद्यापीठात प्रवेश झाला. दीपगृहातील उघडझाप करणाऱ्या दिव्यावर त्यांनी 1871 साली एक निबंध वाचला व त्याबद्दल त्यांस रुप्याचे पदकही मिळाले. बापाच्या मनात आशा पालवली असेल, तोच मुलाने आपणांस इंजिनियर व्हावयाचे नसून लेखक व्हावयाचे आहे, असे सांगितले. निदान वकिलीची सनद तरी घ्यावी, असे ठरले. 1875 साली ती सनद मिळाली, पण वकिली अशी त्यांनी केली नाही. मध्यंतरी, 1873 च्या आरंभी, आपली धर्मश्रद्धा पूर्वीसारखी राहिली नाही, हेही त्यांनी वडिलांस प्रांजळपणे सांगितले. टॉमस हे अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. त्यांस हा घाव जिव्हारी लागला. मुलगा असत्य बोलला नाही हे खरे; परंतु त्या सत्याने घरातील सुखाची घडी विसकटली, हेही तितकेच खरे.

पुढे 1879 साली लुई एका अमेरिकन स्त्रीशी विवाह करण्याच्या इराद्याने, घरच्यांस न सांगता, अमेरिकेस गेले. तेथे आजाराने व पैशाच्या चणचणीने ते मृत्यूच्या दारी पोहोचले. ही बातमी कळताच टॉमस यांनी मागील सारे विसरून वर्षास 250 पौंड देण्याचे तारेने कळविले. बापाचा राग पाण्यावरील रेघेसारखा असतो, याचे हे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. मे 1880 मध्ये फॅनी ऑस्बोर्न यांच्याशी लुई यांचा विवाह झाला. फॅनीबाईंस पहिल्या विवाहाचा लॉइड नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. सावत्र बाप व सावत्र मुलगा हे नाते कोठेही नाजूकच. ते येथे कसे जुळले, हे पाहण्यासारखे आहे.

1881 सालच्या उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडातील ब्रेमर या डोंगराळ गावी राहिले होते. पाऊस व गारठा यांमुळे बाहेर पडण्याची सोय नव्हती. लॉइड रंगाची पेटी घेऊन चित्रे रंगवीत बसे व स्टीव्हन्सनही त्याच्या शेजारी जाऊन बसत. अशा एका दिवशी एका बेटाचा नकाशा निघाला. तो आपण काढिला, असे स्टीव्हन्सन यांनी लिहून ठेविले आहे. मूळ रेखाटन आपले होते, असे लॉइडने पुष्कळ वर्षांनी सांगितले. पहिली रेघ कोणाचीही असो, एका कागदावर दोन डोकी वाकली होती, यात शंका नाही. नकाशात बंदरे, टेकड्या व ठेव्याच्या खुणा उमटल्या. त्याकडे पाहता पाहता झाडीतून माणसे डोकावत असल्याचा भास स्टीव्हन्सन यांस झाला, आणि त्यांनी कथा लिहावयास घेतली. रोज एक याप्रमाणे पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली.

ही प्रकरणे ते घरात मोठ्याने वाचून दाखवीत. ऐकणाऱ्यांत लॉइड तर असेच, पण मुक्कामास आलेले वृद्ध टॉमसही मुलासारखे रंगून जात. कथेतील म्हाताऱ्या खलाशाच्या पेटीत काय काय सापडावे, याची यादी त्यांनी स्वतः तयार करून दिली. चाचांच्या सरदाराच्या जहाजाचे ‘वॉलरस’ हे नावही त्यांच्याच सांगण्यावरून पडले. ज्या बापलेकांचे धंद्यावरून व धर्मावरून जुळले नव्हते, ते एका काल्पनिक बेटाच्या किनाऱ्यावर पुन्हा एकत्र आले.

हिवाळा येताच क्षयाच्या भीतीने स्टीव्हन्सन यांस स्वित्झर्लंडातील दाव्होस या उंच गावी जावे लागले. 1880 पासूनचे सलग दोन हिवाळे त्यांनी तेथे काढिले, व अडलेली कादंबरीही तेथेच पुरी झाली. लॉइडजवळ एक लहानसा हातछापखाना होता. त्यावर तो जलशांचे कार्यक्रम व छोटी पुस्तके छापून चार पैसे मिळवी. स्टीव्हन्सन त्याचे लेखकही झाले व चित्रकारही. 1882 साली निघालेल्या ‘मॉरल एम्ब्लेम्स’ या चिमुकल्या पुस्तकासाठी त्यांनी स्वतः लाकडी ठसे कोरिले. ठसा कोरताना चित्र उलटे कोरावे लागते. ठशाची उंची खिळ्यांच्या उंचीबरोबर नसली तर शाई नीट उमटत नाही. आणि एकदा उडालेला कपचा परत बसत नाही. आजाऱ्याच्या हातांस व मुलाच्या उतावीळ स्वभावास, दोघांसही हा धडा चांगला होता.

त्याच घराच्या माळ्यावर दोघांची लढाई चाले. मोडकळीस आलेल्या शिडीने वर जावयाचे. छप्पर इतके ठेंगणे की बहुधा ताठ उभे राहता येत नसे, व उजेड इतका कमी की मेणबत्ती लागे. त्या फळ्यांच्या जमिनीवर निरनिराळ्या रंगांच्या खडूंनी नकाशा काढिलेला असे. त्यात डोंगर, नद्या, गावे, पूल व दोन प्रतींचे रस्ते दाखविलेले असत. शिशाच्या शेकडो शिपायांनी एका दिवसात किती मजल मारावी, याचे नियम ठरलेले असत. जड तोफा बरोबर असल्या की सैन्य मंदावे. हवा बिघडली की रस्ते बिघडत. दाणागोटा संपला की शूर पलटणही अडून बसे. पूल बांधावे व तोडावे लागत. एकेक युद्ध कित्येक आठवडे चाले, आणि थंडीने बोटे बधिर झाली तरी दोघांस भान नसे. या युद्धाच्या बातम्या देणारी खोटी वृत्तपत्रेही स्टीव्हन्सन लिहून काढीत व त्यांत दोन्ही सेनापतींची यथेच्छ खरडपट्टी निघे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाप वयाने व ज्ञानाने मोठा, म्हणून त्याच्या पलटणी दोन बोटे अधिक चालत नसत. खडूची नदी दोघांनाही सारखीच आडवी येई. नकाशा व नियम यांपुढे बापलेक सारखे होते, आणि म्हणूनच त्या माळ्यावर त्यांची खरी मैत्री जुळली. पुढे दोघांनी मिळून तीन पुस्तके लिहिली.

1883 साली ‘ट्रेझर आयलंड’ पुस्तकरूपाने निघावयाचे ठरले, तेव्हा मोठेच विघ्न आले. छापण्यास पाठविलेला मूळ नकाशा हरवला! नकाशावरून कथा रचणे सोपे. पण लिहून झालेल्या कथेतील प्रत्येक उल्लेख तपासून, त्यांच्याशी जुळेल असा नकाशा मागाहून तयार करणे अत्यंत किचकट. ते काम टॉमस यांच्या कचेरीत झाले. खऱ्या समुद्राचे नकाशे जेथे तयार होत, तेथेच खोट्या बेटाचा नकाशा निघाला. निरनिराळ्या वळणांचे अक्षर काढण्याची हातोटी टॉमस यांस साधली होती. त्यांनी चाच्यांच्या सरदाराची सही स्वहस्ते केली व जहाज हाकारण्याच्या सूचनाही तशाच लिहिल्या. मुलाने दीपगृहे बांधावी ही इच्छा सफळ झाली नाही. तेव्हा बापाने आपली लेखणी मुलाच्या बेटासाठी झिजविली. मूळ नकाशाची सर मात्र दुसऱ्यास आली नाही, असे स्टीव्हन्सन यांस शेवटपर्यंत वाटे. टॉमस 1887 साली निवर्तले.

लेखकाने आपला देश, खरा असो वा कल्पित, हाताच्या तळव्याप्रमाणे ओळखावा. अंतरे, दिशा, सूर्य कोठे उगवतो व चंद्र केव्हा दिसतो, यांत गफलत होऊ देऊ नये, असे त्यांचे मत होते. 1886 सालच्या ‘किडनॅप्ड’ या कादंबरीसही त्यांनी नायकाच्या भ्रमंतीचा नकाशा जोडला.

वडिलांच्या मागे ते युरोप सोडून गेले व 1890 पासून प्रशांत महासागरातील सामोआ बेटात घर करून राहिले. तेथे त्यांस खडूचे नव्हे, तर खरे युद्ध पाहावे लागले. तीन बलाढ्य राष्ट्रे त्या लहान बेटांवर आपला हक्क सांगत होती आणि 1893 साली तेथील सरदारांत लढाई जुंपली. माळ्यावर पडलेला शिपाई दुसऱ्या डावास पुन्हा उभा राहतो. येथे पडलेला उठत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पराभूत सरदार तुरुंगात पडले, तेव्हा स्टीव्हन्सन यांनी त्यांस अन्न व तंबाखू पोहोचविली. सुटका झाल्यावर, 1894 साली, त्या सरदारांनी स्टीव्हन्सन यांच्या घरापर्यंत एक रस्ता आपल्या हातांनी बांधून दिला. त्याच वर्षी 3 डिसेंबर रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, स्टीव्हन्सन यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांचा देह व्हेआ पर्वताच्या माथ्यावर ठेवण्यासाठी सामोअन लोकांनी जंगल तोडून वाट काढिली. जन्मभर कागदावर रस्ते काढणाऱ्यास अखेरीस प्रेमाने बांधलेले दोन खरे रस्ते मिळाले.

आता आमच्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. पुढील काळात अशा युद्धखेळांच्या नकाशांवर घरे आखण्याची रीत पडली. 1961 साली अमेरिकेत गेटिसबर्गच्या लढाईवरील एका छापील पटावर षट्कोनी घरे आली. चौकोनी घरांत तिरके जाणारी फौज त्याच एका खेळीत सुमारे 1.4 पट अधिक अंतर तोडते. षट्कोनाच्या सहाही शेजाऱ्यांचे मध्यबिंदू मात्र सारख्याच अंतरावर असतात, म्हणून कोणावर अन्याय होत नाही. तुम्हांपैकी कोणी असा पट घरी आखून छापणार असेल, तर नदी घरांच्या कडेने न्यावी, म्हणजे ती कोणत्या घरात आहे असा तंटा उरत नाही. घरांच्या रेघा फिक्या ठेवाव्या. आणि नकाशा अनेक कागदांवर छापून पुठ्ठ्यावर चिकटवावयाचा झाल्यास सांध्यावरील अर्धी घरे जुळतात की नाही, हे डिंक लावण्यापूर्वी पाहावे. काम खेळाचे असले तरी ते निष्काळजीपणे करू नये.

आणि पालकांस विनंती एवढीच की, मुलगा असा नकाशा काढीत बसलेला दिसल्यास त्यास उठविण्यापूर्वी क्षणभर त्याच्या शेजारी बसावे व त्या बेटावर बंदर कोठे आहे, एवढे तरी विचारावे. टॉमस स्टीव्हन्सन यांनी तसे केले, आणि दुरावलेला मुलगा त्यांस परत मिळाला.